पाचव्या दिवसाचा पाऊस

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोला सांगायची वेळच आली नाही, कारण ते तिला माहीत आहे. माहीत आहे हे तिने दोन वाक्यांत मला कळवलं आणि पुन्हा विषय काढला नाही. बाकी, एक पत्र सोडलं तर, कोणालाच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही कदाचित तो सिनेमा पाहिला असेल — हवामान बदलतंय त्यावरचा, मुंबईच्या त्या मोठ्या अभिनेत्रीने केलेला. त्यात मध्येच एक पिकल्या मिशीचा माणूस अंगणात उभा आहे, हातात काचेचं माप धरून. लोकांना तो आवडला. तो मी.

आधी माझी ओळख. माझी नोकरी जमीन मोजण्याची. तीस वर्षं मी लोकांचे धुरे मोजले. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध, आणि आमच्या धानाच्या मुलखात वीतभर धुऱ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. त्यामुळे मी कधी आकडा गोल केला नाही. कोणी चहा पाजला म्हणून नाही, कोणी शिव्या दिल्या म्हणून नाही. खात्यात माझं नाव त्यासाठीच होतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही — पुढे जे सांगायचं आहे ते किती वाईट, हे कळावं म्हणून सांगतो.

आमचं घर आसगावला. बाबा शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरहून पर्जन्यमापक आणलं, म्हणजे पाऊस मोजायचं पत्र्याचं भांडं; वर नरसाळं, आत बाटली. त्याला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. छप्पर नको, झाड नको. आमच्याकडे तशी जागा एकच होती, समोरच्या अंगणात, तुळशीच्या बाजूला. तिथे बाबांनी ओटा बांधून ते बसवलं. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, बाटली रिकामी करून परत ठेवायची. चौदा वर्षं त्यांनी हे केलं. तापातसुद्धा केलं. दर वर्षाची एक वही, चौदा वह्या.

बाबा गेले तेव्हा मी भंडाऱ्याला खोली करून राहत होतो. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने गावी, सोमवारी पहाटे परत. तेराव्याला लोक पांगल्यावर कुंदा म्हणाली — कुंदा म्हणजे माझी बायको — "बाबूजीचं मापाचं मी पायतो. तुमी कायजी नका करू." दुसऱ्या दिवशी साडेआठला ती अंगणात होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं; चौदा वर्षांतली शेवटची पाच-सहा वर्षं तिने सासऱ्याच्या हातात माप आणून दिलं होतं, तेवढंच.

तर तेव्हापासूनचा पाऊस तिने मोजला. मी नाही. ही पहिली गोष्ट.

ती आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, त्या त्या तारखेच्या चौकटीत, पेन्सिलने, बारीक. रविवारी मी ते आकडे वहीत उतरवायचो, चांगल्या अक्षरात, रेघा आखून. वहीच्या पहिल्या पानावर 'नोंद घेणार' असा रकाना आहे. बाबांच्या वह्यांत तिथे बाबांचं नाव. पुढच्या वह्यांत माझं. असं का लिहिलं? पहिल्या वर्षी हात आपसूक तिथे गेला. दुसऱ्या वर्षी मागच्या वर्षीचं पाहून लिहिलं. पुढे कोणी विचारलंच नाही — मीसुद्धा नाही.

आता दुसरी. इथे मी जरा अडखळतो, सांभाळून घ्या.

आमच्या घरी बाईने महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचं, हा आईचा नियम. मागच्या सपरीत, म्हणजे मागल्या ओसरीत. समोरच्या अंगणात पाय नाही, तुळशीकडे तर नाहीच. आई दुष्ट होती असं समजू नका. त्या चार दिवसांत ती स्वतः चुलीपुढे बसायची, कुंदाला गरम भात-वरण सपरीत नेऊन द्यायची, आणि पाचव्या दिवशी न्हाणं झालं की सुनेच्या डोक्याला तेल घालून वेणी घालायची. पण नियम म्हणजे नियम. आणि माप होतं तुळशीजवळ. आईला अक्षरओळख नव्हती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

मग त्या चार दिवसांत काय व्हायचं? पाऊस पडायचा. बाटलीत साचायचा. चार दिवसांचं पाणी तसंच थांबून राहायचं, आणि पाचव्या दिवशी कुंदा न्हाऊन, ओल्या केसांनी अंगणात येऊन ते सगळं एकदम मोजायची. मध्ये रविवार आला तर मी मोजायचो, तेवढंच. कॅलेंडरवर ती चार तारखांना चार रेघा ओढायची आणि पाचव्या तारखेला आकडा, बाजूला 'पाच दिसाचा'. यात लपवालपवी काहीच नव्हती. मोजता आलं नाही तिथे रेघ. मोजलं ते कधीपासूनचं, तेही लिहिलेलं. माझ्या खात्यातल्या कोणत्याही कारकुनाने इतकी चोख नोंद केली नसती.

मी वहीत उतरवताना रेघेच्या जागी शून्य लिहिलं.

'पाच दिसाचा' हे शब्द गाळले.

शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे माहीत नाही. या दोन्हींतला फरक मला कळत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. तो फरक कळण्याचाच मी पगार घेत होतो. मग का? रेघ पाहून कोणी विचारलं असतं, हे दिवस कोरे का? शून्याला कोणी काही विचारत नाही. एक कारण हे.

दुसरं कारण मी स्वतःलाही फार उशिरा सांगितलं. आम्हाला मूल नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती बाबा गेले तेव्हा. आई दर महिन्याला दिवस मोजायची, कुंदा मोजायची, मीही भंडाऱ्याच्या खोलीत बसून मोजायचो. तिघेही एकमेकांना कळू न देता. शनिवारी घरात पाय ठेवला की माझी नजर आधी कॅलेंडरवर जायची. तिथे चार रेघा असल्या की या महिन्याचं कळलं. त्या रेघा मला माझ्या हाताने वहीत ओढवेनात. शून्य लिहिलं की तो पावसाचा विषय व्हायचा.

आणि सर्वांत साधं काय होतं माहीत आहे? आईला एक वाक्य म्हणायचं — "आई, मोजायला जाऊ देत जा तिला." किंवा भांडं उचलून मागच्या परसात न्यायचं, तिथलं जांभळाचं झाड तेवढं तोडावं लागलं असतं. सतरा पावसाळे गेले. मी ते वाक्य म्हणालो नाही, झाडही तोडलं नाही. लोकांच्या भांडणात मध्ये उभा राहून मोजणीची साखळी धरणारा मी, घरात आईसमोर माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

आता सिनेमावाले.

पवनीच्या एका ओळखीच्या मास्तरांनी माझ्या वह्यांचा फोटो कुठेतरी टाकला. त्यावरून चार वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, ते लोक आले. दोन गाड्या, सात माणसं. दिग्दर्शक मुलगी पुण्याची, तिशीतली, भारी नीटस. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारी. आणि ती अभिनेत्री. गाव लोटलं होतं. पण बाई खरंच चांगली. आमच्या सपरीत खाली बसून चहा प्याली, आईच्या पाया पडली. आई तिला म्हणाली, "बाई, किती वाळली तू! घरी कोनी जेवाले देत नाही का?" सगळे हसले, ती सगळ्यांत जास्त.

त्या दिवशी पाऊस नव्हता. मी मोजताना दाखवायचं होतं म्हणून त्यांनी नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतलं. मला ते खटकलं. मी बजावून सांगितलं की आजची नोंद शून्यच लागेल, हे पाणी वहीत येणार नाही. दिग्दर्शक मुलगी खूश झाली. म्हणाली, "काका, हेच! हेच पाहिजे होतं आम्हाला." बघा — तांब्याभर पाण्यासाठी मी केवढा प्रामाणिक!

मग मी माप धरलं. धरता येईना. वर्षातून चार-दोनदा मोजणारा हात, माप सरळ राहीना. मापातलं पाणी काचेजवळ जरा वर चढतं; आकडा मधल्या खोलगट जागेवर वाचायचा असतो. मी काठावरचा वाचला. दारात कुंदा चहाचे कप घेऊन उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "अजी, काठावरचं नका धरू, मंधातलं पाहा. अन् डोया पान्याच्या बरोबरीत घ्या."

दिग्दर्शक मुलगी हसून म्हणाली, "अरे वा, काकूपण शिकल्या वाटतं!"

मी म्हणालो, "हो. पाहून पाहून."

हे मी म्हणालो. कुंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. कप ठेवले. अभिनेत्रीने तिला प्रेमाने विचारलं, "दीदी, आपने भी कभी नापा है क्या?" तेव्हा तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "नाही जी. हेच मोजतेत." माझं खोटं तिने असं उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि कप गोळा करून आत गेली.

जेवणं झाल्यावर दिग्दर्शक मुलगी वह्या घेऊन बसली. कॅमेरा चालूच होता. बाबांच्या वह्यांत पाऊस दिवसादिवसाला थोडा थोडा पसरलेला. नंतरच्या वह्यांत मध्येच तीन-चार शून्यं आणि मग एकदम मोठा आकडा. पुन्हा पुढच्या महिन्यात तसंच. तिचं बोट त्या जागांवर थांबत होतं. तिने विचारलं, "काका, हे असं का? आधी कोरडे दिवस आणि मग एकदम एवढा?"

दोनदा विचारणारी मुलगी होती ती. तिने दुसऱ्यांदाही विचारलं. मला दोनदा संधी मिळाली. आई पाच हातांवर बसली होती, आत भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "आजकाल पाऊस असाच पडते. चार दिवस दडी मारते, मंग एकदम कोसळते."

तिने मान हलवली. जगभर तेच होतंय म्हणाली. मग एका वहीवर तिचं बोट पुन्हा थांबलं. "हे एक वर्ष मात्र बरं दिसतंय. जुलै-ऑगस्ट अगदी आजोबांच्या वहीसारखा. काय झालं होतं त्या वर्षी?"

त्या वर्षी दोन महिने कुंदा बाहेर बसली नव्हती. आईने तिला अंगणात ओणवं व्हायलाही मनाई केली होती. माप ती उभ्यानेच, हळूच उचलायची. बासष्ट दिवस रोजचा आकडा रोज. सप्टेंबरच्या सुरुवातीला कॅलेंडरवर रेघा आल्या, त्या वेळी चारच्या वर — अकरा. त्यांचीही मी शून्यं केली होती; मधल्या रविवारीही मी मापाला हात लावला नव्हता.

मी म्हणालो, "त्या वर्षी पाऊस चांगला झाला."

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. वर्षभराने भंडाऱ्याला एका सभागृहात तो सिनेमा दाखवला. आई तोवर गेली होती. मला पुढच्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. कुंदाला बाजूची खुर्ची. पडद्यावर माझ्या वहीचं पान आलं, भिंतीएवढं. मग आकड्यांचे उभे पट्टे उगवू लागले — बाबांची वर्षं, मग नंतरची. नंतरच्या वर्षांत दर महिन्याला एक खड्डा आणि त्याच्या पुढे एक उंच पट्टा. खड्डा, पट्टा. खड्डा, पट्टा. अभिनेत्रीचा आवाज म्हणत होता की आभाळाचा स्वभाव बदलला आहे, आणि एका लहान गावातल्या माणसाने तो थेंबाथेंबाने लिहून ठेवला आहे. लोक टाळ्या वाजवत होते.

कुंदा पडद्याकडे पाहत होती. मग माझ्याकडे न वळता, अगदी हळू म्हणाली, "हे त माहे दिवस होत."

आणि थोड्या वेळाने, "मी त रेघ मारली होती."

दोनच वाक्यं. त्या अंधारात पाचशे माणसं आमच्या घरातली सर्वांत झाकलेली गोष्ट भिंतीएवढी बघत होती, त्या दोन महिन्यांसकट, आणि तिथे तिचं नाव कुठेच नव्हतं. येताना एसटीत शाल तिच्या मांडीवर होती. थंडी होती तरी तिने ती अंगावर घेतली नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला ती नेहमीसारखी अंगणात गेली.

पाऊस बदललाच नाही असं मी म्हणतोय, असा अर्थ काढू नका. शेतात उभं राहणाऱ्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि नीट मोजणारे लोक दुसरीकडे आहेत. त्या दिग्दर्शक मुलीचं आणि अभिनेत्रीचं म्हणणं खोटं नव्हतं. खोटी होती माझी वही. खऱ्या गोष्टीची साक्ष द्यायला उभं राहून मी खोटं बोललो. उद्या कोणी हुशार माणूस ते पट्टे पाहून म्हणाला की आभाळ असं महिन्याच्या महिन्याला खड्डे पाडत नसतं, तर त्या मुलीचं खरंही माझ्या खोट्याबरोबर बुडेल.

आई गेल्यावर तरी मी काही बोललो का? नाही. सवयीने कुंदा आणखी एक वर्ष मागच्या सपरीत बसत राहिली, आणि मी तिला बसू दिलं. दोन वर्षांपूर्वी ते दिवस आपोआप थांबले. त्याच वर्षी माझी बदली पवनीला झाली, आता मी रोज घरी असतो. वही आता पुन्हा बाबांच्या वहीसारखी दिसते.

गेल्या महिन्यात मी तिला जुनी कॅलेंडरं कुठे आहेत ते विचारलं. तिने कपाटावरून गुंडाळी काढून दिली, सुतळीने बांधलेली. सतराच्या सतरा आणि वर दोन. एकही रद्दीत गेलं नव्हतं. मी लाल शाईचा पेन घेऊन बसलो. आमच्या खात्यात चूक खोडत नाहीत. तिच्यावर एक आडवी रेघ मारतात, खालचं वाचता यावं अशी, आणि बाजूला सही करतात. नुसत्या पावसाळ्यांची दोनशे तेरा शून्यं निघाली. दोनशे तेरा सह्या. त्या पानांचे फोटो आणि दोन पानी पत्र मी दिग्दर्शक मुलीला पाठवलं. 'नोंद घेणार'च्या रकान्यातही तसंच केलं — माझ्या नावावर रेघ, खाली कुंदाचं नाव.

ती शेजारी तांदूळ निवडत बसली होती. त्या सप्टेंबरचं पान आलं, अकरा रेघांचं. माझा पेन थांबला. तिने ताट खाली ठेवलं आणि वाकून पाहिलं.

"लय पडला होता त्या वक्ती," ती म्हणाली. "नरसाळ्यावर टपटप वाजे, तं मांगं आयकू ये. मोजता येत नव्हता, तं आयकत होती."

मी विचारलं, "अकराही दिवस?"

"रोज," ती म्हणाली, आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

पाऊस रोज पडला होता. तिने तो मागच्या सपरीत बसून ऐकला होता. मी भंडाऱ्याहून आलो, वही उघडली, आणि अकरा वेळा शून्य लिहिलं.